त्या तलावात तू काय सोडलंस

ताई,

शुक्रवारी वर्षा परत जाते आहे. तुझी लेक तुझ्यासारखीच, एकदा ठरवलं की ठरवलं. तेरवीची भांडी मोजून परत पाठवली, पाहुणे गेले, आणि ती माझ्यासमोर वही ठेवून म्हणाली, "मावशी, आईला न्यायचं तर काय-काय कागद लागतील त्याची यादी कर. हे काम तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही."

तुझ्या अस्थी तिसऱ्या दिवशी पुलगावच्या घाटावर वर्धा नदीत सोडल्या. त्यातली चिमूटभर राख वर्षानं बाजूला काढून ठेवली आहे. तांब्याच्या लहान लोटीत, तोंडाला पांढरं फडकं बांधून, नाचणगावच्या तुझ्या परसात पेरूच्या फांदीला टांगली आहे, कारण घरात ठेवत नाहीत. ती घेऊन वर्षा आधी क्वालालंपूरला आपल्या घरी जाणार आणि तिथून सुमात्रातल्या त्या तलावातल्या बेटावर, जिथं आपण दोघी गेलो होतो. दवाखान्यात तूच तिला सांगितलंस. मी पलंगाच्या पायथ्याशी औषधांच्या वेळा लिहीत उभी होते. तू म्हणालीस, "वर्षे, तुह्या बाबाले मी जिथं सोडलं नं, तिथं मले बी थोडंसं नेजो. सुमीले ठिकाण माईत आहे."

ठिकाण मला माहीत आहे. जेटीपासून किती पावलं, तेही माझ्या वहीत आहे. पण भाऊजी तिथं नाहीत, ताई. तू त्यांना तिथं सोडलं नाहीस. हे मला त्याच दिवशी कळलं होतं, त्या काठावर, आणि तेव्हापासून तू जाईपर्यंत मी तुला सांगितलं नाही. आता वर्षाला सांगायचं आहे. तिच्या आधी तुला सांगते. उशीर झाला हे मला समजतं.

सुरुवात त्या सामानापासून. वर्षाचे दिवस भरत आले होते आणि आपण दोघी तिच्या बाळंतपणाला निघालो होतो. मी सेवाग्रामहून रजा टाकून दोन दिवस आधी तुझ्याकडे आले, कारण तुझ्यावर सामान सोपवलं असतं तर तू तीन पातळं आणि अर्धं पोतं तुरीची डाळ घेऊन विमानतळावर उभी राहिली असतीस. जावईबापूंचा फोन आला होता, "मावशी, पावडरी कमी आणा. जे आणाल त्याच्यावर नाव लिहा. इथे पुड्या उघडून बघतात." आणि आपल्याकडे तर सगळ्या पावडरीच होत्या. सुंठ, बाळंतशेपा, डिंक कुटलेला, खारकेची पूड, वेखंड. दवाखान्याच्या भांडारात वीस वर्षं काढलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. मी चौदा पुड्या ओळीनं मांडल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी, त्यावर मराठीत आणि इंग्रजीत नाव.

मग आपलं राखुंडीवरून भांडण झालं. तुझी ती घरी केलेली राखुंडी. गोवरीची राख, मीठ, कापूर, लवंग. जन्मभर तू त्याशिवाय दात घासले नाहीस.

"टूथपेस्ट यादीत आहे," मी म्हटलं. "दोघींत एक."

"मले नाई लागत तुही पेस्ट. तोंडात साबण घेतल्यावानी वाटते."

"आणि कस्टमवाल्यानं विचारलं, हे काय आहे, तर?"

"सांगजो त्याले, दात घासाची राख आहे म्हणून. त्याच्या घरी दात घासत नाईत काय?"

"राख आहे म्हणून सांगू? विमानतळावर?"

तू हसलीस. मग म्हणालीस, "बरं बाई, नाई नेत." इतक्या लवकर तू कधी हार मानत नाहीस. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आला, पण भलताच आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू शेजारी निरोप घ्यायला गेली होतीस. मी तुझी पिशवी यादीशी ताडून बघत होते. जांभळ्या ब्लाउजच्या घडीत मला एक डबी सापडली. कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी, राखाडी झाकणाची. अशा डब्या तुझ्या घरी पैशाला पासरी. भाऊजी शाळेच्या सहलीला गेले की तिथली माती त्या डबीत भरून आणायचे आणि वर चिठ्ठी लावायचे. या डबीला चिठ्ठी नव्हती. उघडली तर आत राख.

मी मोठ्यानं हसले, ताई. घरात एकटी होते तरी. मला वाटलं, ही बघा बाई, मला हो म्हणाली आणि राखुंडी चोरून नेते आहे. बोटानं बघितलं तर भरड लागली, बारीक खडे होते. म्हटलं, हिचं चाळायचं राहून गेलं, दमट झाली असेल. तुला जिंकू द्यायचं मी ठरवलं. चोरून नेतेच आहे तर निदान चांगली नेऊ दे. न्हाणीतल्या तुझ्या बरणीतली ताजी, चाळलेली राखुंडी मी त्या डबीत भरली, झाकण घट्ट लावलं आणि डबी होती तशी ब्लाउजच्या घडीत ठेवून दिली. माझ्या मनात प्रेमच होतं. हे मी बचाव म्हणून लिहीत नाही, तसं होतं म्हणून लिहिते.

आणि डबीतली जुनी? वाया घालवायची सवय मला नाही. मोरीजवळ करवंटीत भांड्यांची राख असायची, त्यात मी ती टाकली. पिण्याचा तांब्या काळवंडला होता. चिंच आणि ती राख घेऊन मी तो घासला. पाणी ओतून मोरी धुतली. तू परत आलीस, पाणी प्यालीस आणि म्हणालीस, "सुमे, तांब्या कसा लखलख करून राह्यला आज!"

हे वाक्य मी आजवर कोणापुढे उच्चारलेलं नाही.

वर्षाकडे आपण दीड महिना होतो. रोज सकाळी तू माझी पेस्ट घेऊन दात घासायचीस, तोंड वाकडं करून, पण घासायचीस. मी गंमत बघत होते. म्हटलं, डबी जपून वापरते आहे, मी न्हाणीत नसताना. मी एका शब्दानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथंच सगळं उघड झालं असतं, आणि तुला रडायला आणि मला शिव्या द्यायला दीड महिना मिळाला असता.

मग जावईबापूंनी ती सहल काढून दिली. बाळ सव्वा महिन्याचं झालं होतं, वर्षा घरात सावरली होती, आणि ते म्हणाले, "आई, तुम्हाला तिथं जायचंय ना? इथून जवळ आहे. दोन रात्री राहून या." तुला तिथं का जायचं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊजी पुलगावच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि नववीच्या वर्गात दरवर्षी ते बेट फळ्यावर काढायचे. एक प्रचंड डोंगर फुटला, पोटात खचला, त्या खड्ड्यात पाणी साचून तलाव झाला, आणि मग जमिनीच्या आतल्या तप्त रसानं तलावाचा तळ वर ढकलला, तेच बेट. पोरांनी ज्वालामुखी सोडा, वर्धा नदीपलीकडचं पाणी पाहिलेलं नव्हतं. भाऊजी म्हणायचे, रिटायर झालो की हिला घेऊन जाईन. त्याआधीच गेले.

वर्षानं मला तिथल्या भाषेतले वीस शब्द लिहून दिले होते. भात, भाजी, मासे नकोत, किती वाजता. मी पाठ केले. विमानानं मेदान, तिथून गाडीनं पाच तास, मग लाकडी दुमजली होडी. होडीत कांद्याची पोती, एक मोटरसायकल, गाण्याचा कर्णा. तू कठड्याला धरून उभी होतीस.

"सुमे, हा तलाव आहे? मले वाटलतं आपल्या बोर धरणाएवढा असन. ह्याले तं त्या अंगाचा काठच नाई."

मी सांगितलं की बेटाच्या मागेही तेवढंच पाणी आहे. तू वाकून ओंजळभर घेतलंस, चव बघितलीस आणि माझ्याकडे वळून म्हणालीस, "गोडं आहे वं! हे सांगत होते ते खरंच होतं." तुझा चेहरा त्यावेळी इतका उजळला की होडीतली एक म्हातारी बाई तुझ्याकडे बघून हसली. मला तेव्हा तुझा हेवा वाटला होता. माझ्या नवऱ्यानं, मी मुद्दाम बघायला जावं, असं काहीच मागं ठेवलेलं नाही.

आपण उतरलो ते घर काठापासून जवळ होतं. घरमालकीण आपल्याच वयाची, कानात जड बाळ्या. मी माझे वीस शब्द क्रमानं वापरले, तिला एकही कळला नाही. तू पदर खोचून चुलीपाशी गेलीस आणि शुद्ध नाचणगावच्या बोलीत म्हणालीस, "बाई, त्यात मासोळी नको टाकजो, आमाले चालत नाई." तिनं मान डोलावली आणि खरंच टाकली नाही. दोन दिवस तू तिच्याशी असंच बोललीस. माझी वही बंदच राहिली. तू मला चिडवत होतीस, "लिही, लिही. मासोळी नाई टाकली, हे बी लिही."

दुसऱ्या दिवशी ती आपल्याला शेतावर घेऊन गेली. तिथल्या शेतांत जागोजाग दगडाची थडगी, आणि वर छोटं घर बांधलेलं, नावेसारखं दोन्ही टोकांना उचललेलं छप्पर. तिनं खुणांनी सांगितलं की इथं तिची आई आहे. आधी दुसरीकडे पुरलेली होती. मग बऱ्याच वर्षांनी हाडं काढली, धुतली आणि या घरात आणली. धुतली हे सांगताना तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मग हात पाण्यात चोळल्यासारखे एकमेकांवर चोळले.

"सुमे, ही म्हणते काय, हिनं सोताच्या हातानं धुतली?"

"तसंच दिसतं."

"बाईनं?"

"हो."

तू त्या थडग्यासमोर जमिनीवर बसलीस. बराच वेळ उठली नाहीस. मला जेवायची वेळ झालेली दिसत होती, मी दोनदा म्हटलं चल. तू ऐकलं नाहीस.

तुझ्या मनात काय चाललं होतं हे मला तिसऱ्या दिवशी सकाळी कळलं. आपली होडी दहाची होती. तू साडेआठलाच म्हणालीस, "चाल, पान्यापाशी जाऊ." चर्चच्या मागनं उतरून आपण काठावर गेलो. तिथं एक सपाट काळा दगड पाण्यात अर्धा बुडालेला होता. तू चपला काढल्यास, साडी गुडघ्यापर्यंत खोचलीस, पाण्यात दोन पावलं गेलीस आणि कमरेचा रुमाल सोडून त्यातून ती डबी काढलीस.

मला अजून कळलेलं नव्हतं. मी म्हटलं, "इथं दात घासतेस का आता?"

तू हसली नाहीस. "सुमे, हे ह्यांचं आहे."

"काय ह्यांचं?"

"राख सावडून आलते नं दीर, तवा लोटी पेरूले टांगलती. दुपारी सारे निजलते तं म्या चिमूटभर काढून घेतली. आमाले घाटावर कोन येऊ देते? ओसरीत बसून रडा म्हनतेत बायाईले. माणसं गेले, सोडून आले. म्या नाई सोडलं त्याईले, सुमे. म्या सोडलंच नाई अजून. तुले सांगितलं असतं तं तू म्हनली असती, कस्टमवाले पकडतीन."

मी तसंच म्हणाले असते. लेबलही लावलं असतं.

तू झाकण उघडलंस. वारा काठाकडेच होता आणि मला कापराचा वास आला. कापूर आणि लवंग. तू डबी तळहातावर पालथी केलीस आणि हात पाण्यात सोडलास. राखाडी ढग पसरला आणि काठाला लागला. मग तू बोटं पाण्यात दोनदा खळबळलीस.

त्या क्षणी मला बोलता आलं असतं. मी तोंड उघडलं होतं. पण बोलले असते तर तुझ्यापाशी सोडायला दुसरं काहीच नव्हतं, आणि जे होतं ते तुझ्याच मोरीतून कधीच वाहून गेलं होतं. इतकी वर्षं तू ती चिमूट कपाटात जपलीस, समुद्र ओलांडून आणलीस, आणि एका दुपारी मी तिनं तांब्या घासला. मी वळले. दहा पावलं मागं येऊन जेटीकडे तोंड करून उभी राहिले. तू बोलत होतीस. त्यांच्याशी. आवाज येत होता, शब्द नाही. मी ते ऐकायचा प्रयत्नही केला नाही, कारण मला वाटत होतं ते शब्द कोणीच ऐकत नाही आहे आणि त्याला कारण मी आहे.

होडीत तू म्हणालीस, "हलकं वाटून राह्यलं." आणि माझ्या खांद्याला डोकं टेकून झोपलीस.

तुला कळलं होतं का? हा प्रश्न मी इतक्या वेळा उलटापालटा केला आहे की आता त्याला काही धार उरली नाही. जन्मभर तू ती राखुंडी हातानं केलीस. कापराचा वास तुला आला नसेल? कधी वाटतं, तू त्या वेळी अशी होतीस की तुला काहीच जाणवलं नसेल. कधी वाटतं, तू बोटं दोनदा का खळबळलीस? त्या सहलीनंतर तुझी पिशवी तू मला कधी भरू दिली नाहीस, एवढं खरं. पण त्यानंतर तू फारशी कुठं गेलीही नाहीस.

पुढं मी जे केलं ते डबीपेक्षा वाईट होतं. डबी ही चूक होती.

तू मला विचारलंस, "इथून ते कोनत्या बाजूले येते?" मी नकाशा काढला, पट्टी ठेवली आणि सांगितलं, आग्नेयेला, तुझ्या गच्चीवरून पाण्याच्या टाकीच्या थोडं उजवीकडे. त्या वर्षापासून पितृपक्षात भाऊजींचं पान तू तिकडं तोंड करून ठेवायला लागलीस. त्सुनामी आली तेव्हा टीव्हीवर सुमात्राचं नाव ऐकलंस आणि मला दवाखान्यात फोन केलास. भांडारात रांग लागली होती. "सुमे, तलावाले काई झालं नसन नं? हे तिथं आहेत." मी म्हटलं, तलाव समुद्रापासून लांब आहे, उंचावर डोंगरात आहे, लाट तिथं पोचत नाही. तू म्हणालीस, "हाव नं? पक्कं नं?" मी म्हटलं, पक्कं. मग तू घरमालकिणीची चौकशी करायला लावलीस, वर्षानं फोन केला, ती बरी होती, तिच्याकडे नुसती जमीन हलली होती. तू त्या दिवशी शेजारी साखर वाटलीस.

मी दिलेली दिशा खरी होती, उंची खरी होती, अंतरं खरी होती. माझी सगळी माहिती नेहमी खरी असते. तिच्या जोरावर तू एका रिकाम्या जागेकडे इतकी वर्षं पान ठेवत राहिलीस.

आपली इतर भांडणं अर्धीच राहिली आहेत. तू म्हणायचीस मी माणसांना सामानासारखी मोजते. मी म्हणायचे तुला कोणीतरी मोजणारं लागतं. शेवटच्या आठवड्यात गोळ्यांचा डबा मी वारांप्रमाणे भरला आणि तू त्यातली शनिवारची गोळी गुरुवारी खाल्लीस, मुद्दाम, मला चिडवायला. मी खरंच चिडले. चिडायला नको होतं. पण तुझ्याशी मी दुसरं काय केलं असतं, सांग. तू मला शिकवलंस वेणी घालायला, सायकल चालवायला, नवऱ्यापुढे उत्तर द्यायला. आईनंतर माझं माहेर म्हणजे तूच होतीस. उन्हाळ्यात तुझ्याकडे आले की तू माझ्या हातातली वही काढून घ्यायचीस आणि वर बसायचीस. अक्षरशः वहीवर बसायचीस. त्या वेळी मी किती विसावायचे ते मी तुला सांगितलं नाही. तेही राहिलं.

इथवर लिहिलं आणि वर्षा आली. वही मागायला. यादी झाली का म्हणाली.

मी म्हटलं, "बस."

मी तिला सगळं सांगितलं, ओळीनं, जसं वर लिहिलं आहे तसं. काही गाळलं नाही. तिनं मधे एकदाच विचारलं.

"मोरीत?"

"मोरीत."

ती उठून परसात गेली. खिडकीतून मला तिची पाठ दिसत होती. पेरूपाशी उभी होती, लोटीला हात न लावता. मी दाराशी गेले, परत आले. चहा ठेवला आणि उतरवून ठेवला. ती आत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि तोंड तुझ्यासारखं घट्ट मिटलेलं.

"आईला कळलं होतं?"

"माहीत नाही मला."

"कधीच काही बोलली नाही?"

"नाही."

"आणि तू बी नाही."

"नाही."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिच्या बापाची ती शेवटची चिमूट होती, तुझ्याइतकीच तिचीही. हे माझ्या डोक्यात आजवर आलंच नव्हतं, ताई. इतकी वर्षं मी फक्त तुझा आणि माझा हिशोब धरून बसले होते.

मग मी म्हटलं, "आता तुला जायची गरज नाही, वर्षा. बाबा वर्धेतच आहेत, आई पण. ती लोटी घाटावर नेऊ. मी येते, तू पण ये, आपण दोघी जाऊ. कोण अडवतं ते बघते."

"मी जाणार आहे," ती म्हणाली.

"अगं पण तिथं..."

"ऐकलं मी. आईनं सांगितलं, मी जिथं सोडलं तिथं. ती जिथं उभी राहून बोलली तिथं. मला तेवढं पुरे." तिनं वही उघडली. "तू येऊ नको, मावशी. कागद काय लागतात तेवढे सांग. बॅग मी भरीन."

मी कागद सांगितले. मृत्यूचा दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, दहनाची पावती, दोन-दोन प्रती. लोटी हातातल्या सामानात ठेव, कोणी विचारलं तर लपवू नको. ती लिहून घेत होती. माझा आवाज नेहमीसारखा होता, त्याची मला लाज वाटली.

शेवटी तिनं वहीचं कोरं पान माझ्याकडे सरकवलं. "जागा काढून दे. नेमकी."

मी काढली. जेटी, जेटीपासून डाव्या हाताची वाट, चर्च, चर्चमागची उतरण, काठ. पावलं लिहिली. तो काळा दगड अजून असेल, दगड कुठं जातो. त्याच्या उजव्या अंगाला पाण्यात मी एक फुली काढली आणि म्हटलं, आई इथं होती, गुडघाभर पाण्यात.

वर्षानं त्या फुलीवर बोट ठेवलं. "काय म्हणाली ती बाबांना?"

"मला ऐकू आलं नाही."

"तू सोबत होतीस ना?"

"होते."

"मग तू कुठं होतीस?"

मी पेन्सिल घेतली आणि काठावर, तुझ्यापासून दहा पावलं मागं, दुसरी फुली काढली. पाठ वळवून उभी होते हे नकाशात दाखवता येत नाही. ते मी तिला तोंडानं सांगितलं.